बातमी छापण्यापूर्वीं

घरांत एखाद्या गोष्टीवरून वाद निघाला, म्हणजे तो पुष्कळदां एकाच वाक्यानें मिटतो: “अहो, वर्तमानपत्रांत छापून आलें आहे!” शेजाऱ्यानें सांगितलेली गोष्ट आपण अर्धी सोडून देतों, बाजारांत ऐकलेली तर बहुतेक सगळीच सोडून देतों, परंतु तीच गोष्ट छापील अक्षरांत दिसली कीं तिच्यापुढें मान तुकवितों. हा मान शाईचा नाहीं आणि कागदाचाहि नाहीं. छापण्यापूर्वीं ही गोष्ट कोणी तरी जबाबदार माणसानें पारखून घेतली असेल, असें आपण मनांत धरून चालतों. तो माणूस कोण, तो काय पारखतो, आणि त्यानें पारखलें नाहीं तर काय होतें, हें आमच्या विद्यार्थिमित्रांस व त्यांच्या पालकांस समजावून द्यावें, एवढाच ह्या लेखाचा हेतु आहे.

बातमीचा प्रवास

बातमी गोळा करणारा तो बातमीदार, हें सर्वांस ठाऊक असतें. परंतु त्यानें लिहिलेला मजकूर जसाच्या तसा छापावयाचा नसतो. तो प्रथम उपसंपादकापुढें जातो. पूर्वीं हा मजकूर हातानें लिहिलेला असे किंवा तारेनें येई. आज तो संगणकाच्या पडद्यावर उमटतो. साधन बदललें, काम बदललें नाहीं. उपसंपादक मजकूर वाचतो, भाषा नीट करतो, पाल्हाळ काढून टाकतो, महत्त्वाची गोष्ट खालीं राहिली असेल तर ती वर घेतो, आणि जेथें शंका येईल तेथें बातमीदारास उलट विचारतो. त्याच्यावर मुख्य उपसंपादक, त्यावर वृत्तसंपादक आणि सर्वांवर संपादक, अशी ही उतरंड असते. एखाद्या बातमीनें कोणाच्या अब्रूस धक्का लागण्याचा संभव दिसला, तर कायदेपंडिताचाहि सल्ला घेतात. शेवटीं पान जुळून तयार झालें, म्हणजे छपाईपूर्वीं तें पुन्हां एकदां वाचलें जातें.

ही जबाबदारी केवळ रूढीनें आलेली नाहीं. आपल्या देशांत १८६७ च्या कायद्यानें छापील मजकुरावर मुद्रकाचें व प्रकाशकाचें नांव घालणें बंधनकारक केलें. आपल्या घरीं जें वर्तमानपत्र येतें, त्यांत एखाद्या पानाच्या तळाशीं बारीक टाइपांत मुद्रक, प्रकाशक व संपादक ह्यांचीं नांवें असतात. ती ओळ कोणी सहसा वाचीत नाहीं. परंतु ह्या अंकांतील अक्षरांबद्दल जाब कोणास विचारावयाचा, हें ती ओळ सांगते.

एक कल्पित बातमी

उपसंपादकाचें काम नियम सांगून समजणार नाहीं. तें उदाहरणानें पाहूं. समजा, एका गांवाहून बातमीदारानें पुढील मजकूर पाठविला. (गांव, लग्न व आचारी हीं सर्व कल्पित आहेत.)

“काल येथें एका लग्नांत शेंकडों वऱ्हाड्यांस विषबाधा झाली. आचाऱ्यानें नासकें तूप वापरल्यामुळें हा भयंकर प्रकार घडला. दोघे मृत्युमुखीं पडल्याचें समजतें. आचारी फरारी आहे.”

वाक्यें चार, आणि वाचतांना कोठेंहि ठेंच लागत नाहीं. अनुभवी उपसंपादक मात्र पहिल्याच शब्दावर थांबतो. ‘काल’ म्हणजे केव्हां? बातमी लिहिली सोमवारीं, छापली जाणार मंगळवारीं. वाचकाचा ‘काल’ निराळा. म्हणून वार व तारीख पाहिजे. ‘शेंकडों’ कोणीं मोजले? रुग्णालयाच्या नोंदवहींत आकडा असतो. तो विचारल्यावर ४३ निघतो. ४३ ही संख्या लहान नाहीं, पण ती शेंकडोंहि नव्हे. ‘विषबाधा’ हा शब्द कोणाचा? डॉक्टरांनीं उलट्या व जुलाब एवढेंच सांगितलें आहे. अन्नाचे व पाण्याचे नमुने तपासणीस गेले आहेत. ‘नासकें तूप’ कोणीं पाहिलें? बातमीदार म्हणतो, मांडवांत सगळे तसेंच बोलत होते. सगळे म्हणजे कोण, असें विचारल्यावर वराचे मामा हें एकच नांव पुढें येतें. आणि त्या मामांनींहि तूप पाहिलेलें नसतें, दुसऱ्याकडून ऐकलेलें असतें. ‘मृत्युमुखीं पडल्याचें समजतें’ ह्यांत कोणास समजतें आणि कोणाकडून? रुग्णालयास पुन्हां विचारल्यावर कळतें कीं, दोघांची प्रकृति गंभीर आहे खरी, परंतु ते जिवंत आहेत. राहिला ‘फरारी’ हा शब्द. पोलिसांनीं आचाऱ्यास बोलाविलें आणि तो पळाला, असें झालें काय? तसें कांहींच झालेलें नाहीं. लग्नसराईचे दिवस, दुसऱ्या गांवीं दुसऱ्या लग्नाचा स्वयंपाक त्यानें घेतला होता, तो तेथें गेला. फोन केल्यावर तो बोलतो, आणि तूप त्याच सकाळीं यजमानांनीं आणून दिलें होतें असें सांगतो.

इतकें झाल्यावर बातमी अशी होते: “अमुक तारखेस येथील एका लग्नसमारंभांत जेवण केलेल्या ४३ जणांस उलट्या व जुलाब होऊं लागल्यानें रुग्णालयांत दाखल करण्यांत आलें. त्यांपैकीं दोघांची प्रकृति गंभीर असल्याचें वैद्यकीय अधिकाऱ्यांनीं सांगितलें. अन्नाचे व पाण्याचे नमुने तपासणीसाठीं पाठविले असून कारण अद्याप निश्चित झालेलें नाहीं.”

कोणी म्हणेल, बातमीची सगळी चव गेली. गेली खरी, परंतु समजा, आठ दिवसांनीं तपासणीचा अहवाल आला आणि दोष विहिरीच्या पाण्याचा निघाला. पहिला मजकूर छापला असता, तर तोंवर त्या आचाऱ्याचीं ठरलेलीं लग्नें मोडलेलीं असतीं, त्याच्या हाताखालच्या माणसांची मजुरी बुडाली असती, आणि गांवांतील लोक त्याच विहिरीचें पाणी निःशंकपणें पीत राहिले असते. खोट्या बातमीनें निरपराध माणूस बुडतो, हें सहज लक्षांत येतें; तिच्या आडोशाला खरें संकट तसेंच उभें राहतें, हें सहज लक्षांत येत नाहीं.

उपसंपादकानें विचारलेले सारे प्रश्न वस्तुतः एकच आहेत: हें आपणांस कसें ठाऊक? पाहिलें कीं ऐकलें? ऐकलें तर कोणाकडून? आणि सांगणाऱ्यास तरी तें कसें ठाऊक? ह्या एका प्रश्नावर वर्तमानपत्राची सारी पत अवलंबून आहे.

पाहिलेलें, ऐकलेलें आणि तर्कानें जाणलेलें

आतां एका घडलेल्या प्रसंगाकडे वळूं. १९१२ सालच्या एप्रिलच्या १४ तारखेस रात्रीं ११ वाजून ४० मिनिटांनीं ‘टायटॅनिक’ हें प्रचंड जहाज उत्तर अटलांटिक महासागरांत हिमनगावर आदळलें, आणि १५ तारखेस पहांटे २ वाजून २० मिनिटांनीं तें बुडालें. सुमारें १,५०० माणसें प्राणांस मुकलीं. जहाजावरून जमिनीकडे बातमी येण्याचें साधन बिनतारी संदेश एवढेंच होतें. आणि ते संदेश तुटक, अस्पष्ट व एकमेकांत मिसळून येत होते. १५ तारखेस न्यूयॉर्कच्या ‘ईव्हनिंग सन’नें टक्कर झाली परंतु सर्व जण वाचले, असा मथळा दिला. १६ तारखेस लंडनच्या ‘डेली मेल’नें जहाज बुडालें, प्राणहानि नाहीं, असें छापलें.

हें खोटें कोणीं मुद्दाम रचिलें काय? तसें नव्हे. आसपासचीं जहाजें मदतीस निघालीं, एवढें खरोखरच ठाऊक होतें. त्यावरून, जहाजें पोंचलीं असतील, मग प्रवासी उतरवून घेतले असतील, मग सर्व वाचले असतील, अशी तर्काची एकेक पायरी चढत जाणें सोपें होतें. आणि इतकें मोठें जहाज बुडणार नाहीं ही सर्वांची समजूत त्या तर्कास पाठबळ देत होती. मथळा लिहितांना ‘असतील’ हा शब्द गळला. जहाजावरील नोकरवर्गांत इंग्लंडांतील साउथॅम्प्टन बंदरचे लोक पुष्कळ होते. त्या एका गांवचीं ५०० हून अधिक माणसें बुडालीं. ज्यांनीं प्रथम सुखरूपतेचे मथळे वाचले व मागाहून मृतांच्या याद्या पाहिल्या, त्यांच्या मनाची काय अवस्था झाली असेल, ती सांगावयास नको.

त्याच रात्रीं ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या कचेरींत कार व्हॅन अँडा हे व्यवस्थापकीय संपादक काम करीत होते. मध्यरात्रीनंतर अपघाताची पहिली तार आल्यावर त्यांनीं हॅलिफॅक्स व माँट्रिअल येथील वार्ताहरांकडे चौकशी चालविली. १२ वाजून २७ मिनिटांनंतर जहाजाकडून एकहि संदेश आला नाहीं, हें त्यांच्या ध्यानांत आलें, आणि त्या शांततेवरून जहाज बुडालें असावें असा तर्क त्यांनीं बांधला. तो खरा ठरला, म्हणून त्यांची कीर्ति झाली. परंतु आमच्या मतें विद्यार्थ्यांनीं त्या दिवशींच्या पहिल्या पानाची मांडणी अधिक लक्षांत ठेवावी. जहाज हिमनगावर आदळलें. मध्यरात्रीं तें पुढच्या बाजूनें खचत होतें. स्त्रियांना होड्यांतून उतरविलें जात होतें. शेवटचा संदेश १२ वाजून २७ मिनिटांचा, आणि तोहि अस्पष्ट. केव्हांपर्यंतची हकीकत हातीं आहे आणि ती किती स्वच्छ ऐकूं आली, हें तो मथळाच वाचकास सांगतो. संपादकानें तर्क करूं नये असें नाहीं. मात्र तर्क, ऐकीव गोष्ट आणि पाहिलेली गोष्ट ह्या तिघींस एकाच रंगाचीं वस्त्रें नेसवूं नयेत.

कागदाचा पुरावा

ऐकीव गोष्टीवर विश्वास ठेवूं नये, हें बहुतेकांस पटतें. परंतु कोणी लेखी कागद आणून दाखविला, म्हणजे मोठमोठे शहाणेहि फसतात. ह्याचें एक उदाहरण आपल्या मराठी पत्रांच्या इतिहासांतच आहे.

‘केसरी’ व ‘मराठा’ हीं पत्रें १८८१ सालच्या जानेवारींत पुण्यास निघालीं. कोल्हापूरचे छत्रपति चौथे शिवाजी महाराज ह्यांस नीट वागविलें जात नाहीं, अशी वार्ता तेव्हां सर्वत्र पसरली होती. ह्या प्रकरणीं कोल्हापूरचे दिवाण माधवराव बर्वे ह्यांच्यावर आरोप करणारा मजकूर दोन्ही पत्रांत प्रसिद्ध झाला. बर्व्यांचीं म्हणून पुढें आणलेलीं कांहीं पत्रें ह्या आरोपांच्या मुळाशीं होतीं. बर्व्यांनीं अब्रुनुकसानीची फिर्याद केली, आणि तीं पत्रें बनावट ठरलीं. बाळ गंगाधर टिळक व गोपाळ गणेश आगरकर ह्या दोघांस १८८२ सालीं चार महिन्यांची साध्या कैदेची शिक्षा झाली. दोघांचें वय त्या वेळीं पंचविशीच्या आगेंमागें होतें. मुंबईच्या डोंगरीच्या तुरुंगांत त्यांनीं १०१ दिवस काढले, आणि त्या दिवसांवर आगरकरांनीं पुढें पुस्तकहि लिहिलें.

सुटून आल्यावर लोकांनीं दोघांचें मोठें स्वागत केलें, हें आपण इतिहासांत वाचतों. परंतु ह्या प्रकरणांत आणखी एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. महाराजांविषयींची लोकांची कळकळ खोटी नव्हती. १८८३ सालच्या डिसेंबरांत अहमदनगर येथें त्यांचा शोचनीय अंत झाला. म्हणजे तक्रारींत तथ्य असूं शकलें, तरी तिला दिलेला आधार खोटा निघाला, आणि त्यामुळें न्यायालयांत मुख्य प्रश्न महाराजांच्या हालांचा न राहतां पत्रांच्या खरेखोटेपणाचा झाला. खऱ्या गोष्टीस खोट्या कागदाचा टेंकू दिला, म्हणजे टेंकूबरोबर ती गोष्टहि कोसळते.

असाच प्रकार पांच वर्षांनीं लंडनच्या ‘टाइम्स’ ह्या बलाढ्य पत्राच्या बाबतींत घडला. त्या पत्रानें १८ एप्रिल १८८७ रोजीं आयर्लंडचे पुढारी चार्ल्स स्टुअर्ट पार्नेल ह्यांच्या सहीच्या एका पत्राची प्रतिमा छापली. १८८२ सालीं डब्लिन येथें झालेल्या राजकीय खुनांस पार्नेल ह्यांची मूक संमति होती, असा त्या पत्राचा आशय होता. पार्नेल ह्यांनीं तें आपलें नव्हेच, असें सांगितलें. पुढें चौकशी मंडळ नेमलें गेलें, आणि १८८९ सालच्या फेब्रुवारींत रिचर्ड पिगॉट नांवाच्या इसमाची उलटतपासणी झाली. बॅरिस्टर चार्ल्स रसेल ह्यांनीं त्याला कांहीं शब्द कागदावर लिहावयास सांगितले. त्यांत ‘हेझिटन्सी’ हा इंग्रजी शब्द होता. पिगॉटनें त्यांत ‘ए’ ह्या अक्षराच्या जागीं ‘ई’ लिहिलें. आणि हुबेहूब तीच चूक बनावट पत्रांपैकीं एकांत होती! पिगॉट देश सोडून पळाला व माद्रिद येथें त्यानें आत्महत्या केली. ‘टाइम्स’ला पार्नेल ह्यांस ५,००० पौंड द्यावे लागले, चौकशीचा खर्च त्याहून कितीतरी अधिक झाला. हस्ताक्षर जुळतें कीं नाहीं, हें पाहिलें गेलें होतें. पत्र मुळांत कोणाच्या हातून आलें, ह्याचा माग काढला गेला नव्हता.

आमचे विद्यार्थी शुद्धलेखनास कंटाळतात. त्यांनीं ह्या एका अक्षराची गोष्ट अवश्य स्मरणांत ठेवावी.

इतकें होऊनहि १९८३ सालच्या एप्रिलांत जर्मनीच्या ‘स्टर्न’ ह्या साप्ताहिकानें हिटलरच्या रोजनिशा म्हणून कांहीं वह्या प्रसिद्ध करण्यास प्रारंभ केला. त्यांसाठीं त्यानें ९० लाख मार्कांहून अधिक रक्कम मोजली होती. हस्ताक्षरतज्ज्ञांनीं त्या वह्या अस्सल ठरविल्या होत्या. परंतु ताडून पाहण्यासाठीं तज्ज्ञांपुढें जे नमुने ठेविले होते, त्यांतील कांहीं त्याच बनावटकाराच्या, कोनराड कुयाऊच्या, हातचे होते. खोट्याची पारख खोट्यावर घासून केली, तर तें खरेंच दिसणार! मे महिन्यांत सरकारी अभिलेखागारानें कागद व बांधणी तपासली, तेव्हां त्यांत हिटलरच्या मृत्यूनंतर प्रचारांत आलेले पदार्थ सांपडले, आणि सारा डाव उघडा पडला.

ह्या तिन्ही प्रसंगांवरून संपादकांनीं जे धडे घेतले, ते थोडक्यांत असे: कागद कोणीं दिला व त्याच्या हातीं तो कसा आला, हें मुळापर्यंत शोधावें. देणाऱ्याचा त्यांत कांहीं स्वार्थ आहे काय, तें पाहावें. दुसरा पुरावा पहिल्यापासून खरोखर स्वतंत्र असावा. एकाच विहिरीचें पाणी दोन घागरींत भरलें म्हणून त्या दोन विहिरी होत नाहींत. आणि ज्याच्याविरुद्ध कागद आहे, त्याला तो छापण्यापूर्वीं दाखवून त्याचें म्हणणें ऐकावें.

दुसऱ्या बाजूचा शब्द

हा शेवटचा नियम पुष्कळांस अवघड वाटतो. चोराला चोरी केलीस काय, असें विचारून काय उपयोग, असें ते म्हणतात. परंतु विचारण्याचा हेतु कबुली मिळविणें हा नसून आपल्या माहितींतील उणीव शोधणें हा असतो. वरच्या कल्पित उदाहरणांत आचाऱ्यास फोन केला, म्हणूनच तूप कोणीं आणलें हें कळलें. आपल्या देशांतील प्रेस कौन्सिलनें पत्रकारांसाठीं जे आचारनियम सांगितले आहेत, त्यांतहि प्रसिद्धीपूर्वीं बातमी पडताळून पाहण्यास व ज्याच्यावर टीका आहे त्याची बाजू ऐकण्यास महत्त्व दिलें आहे.

वाचक प्रश्न विचारण्यास कचेरींत हजर नसतो, आणि ज्याच्यावर आरोप आहे तोहि हजर नसतो. दोघांच्या वतीनें विचारणारा तेथें एकच, तो म्हणजे उपसंपादक.

पेन्सिलीची खूण

दैनिकाजवळ वेळ थोडा असतो. साप्ताहिकांस व मासिकांस अधिक मिळतो. म्हणून कांहीं नियतकालिकांनीं केवळ तपासणीसाठीं स्वतंत्र माणसें नेमण्याची चाल पाडली. न्यूयॉर्क येथील ‘न्यूयॉर्कर’ हें साप्ताहिक १९२५ सालीं निघालें. १९२७ सालीं त्यांत कवयित्री एडना सेंट व्हिन्सेंट मिले हिच्यावर लेख आला. त्यांत इतक्या चुका होत्या कीं, तिच्या आईनें कचेरीकडे जोराची तक्रार केली. त्यानंतर तेथें तपासनिसांची व्यवस्था पक्की होत गेली, आणि पुढें ती जगभर नांवाजली. तपासनीस लेखाचें प्रूफ घेऊन बसतो, आणि नांव, वय, तारीख, अंतर, पद, रंग, जें जें पडताळून पाहतां येईल त्या त्या शब्दावर तपास झाल्यावर पेन्सिलीनें खूण करतो. लेखकाचें मत तो बदलीत नाहीं. परंतु मत ज्या गोष्टींवर उभें आहे, त्या गोष्टी खऱ्या आहेत कीं नाहींत, एवढें पाहतो. लेखक कितीहि थोर असो, ह्या पेन्सिलींतून त्याची सुटका नसते.

मथळा, घाई आणि मौन

मजकूर निर्दोष झाला तरी काम संपत नाहीं. पुष्कळ वाचक मथळाच वाचतात. म्हणून मजकुरापेक्षां मथळा जास्त बोलूं लागला, तर सगळी पारख फुकट जाते. मजकुरांत ‘पोलिसांनीं संशयावरून ताब्यांत घेतलें’ असें असतांना मथळ्यांत ‘चोर पकडला’ असें घालणें म्हणजे न्यायाधीशाच्या आधींच निकाल देणें होय.

मथळ्याचा मोठा वैरी म्हणजे घाई. १९४८ सालीं अमेरिकेंत अध्यक्षाची निवडणूक झाली. ‘शिकागो ट्रिब्यून’च्या छापखान्यांत तेव्हां खिळे जुळविणाऱ्यांचा संप चालूं होता, आणि पानें नेहमींपेक्षां लौकर तयार करावीं लागत. मतमोजणी पुरी होण्याची वाट पाहण्यास वेळ नव्हता, म्हणून अंदाजावर विसंबून ३ नोव्हेंबरच्या पहिल्या आवृत्तींत ड्यूई ह्यांनीं ट्रूमन ह्यांचा पराभव केला, असा ठळक मथळा छापला गेला. निवडून आले ट्रूमन! विजयी अध्यक्ष तोच अंक हातांत उंच धरून हंसत आहेत, हें छायाचित्र आजहि वृत्तपत्रविद्येच्या वर्गांत दाखवितात.

छायाचित्राचीहि पारख करावी लागते. तें केव्हांचें, कोठील व कोणीं घेतलें, हें कळल्याशिवाय तें बातमीशेजारीं लावणें धोक्याचें. जुन्या पुराचें चित्र नव्या पुराचें म्हणून सहज खपतें, आणि आतां तर संगणकाकडून न घडलेल्या प्रसंगाचेंहि चित्र बनवून घेतां येतें.

शिवाय, खरें असलें तरी जें छापूं नये, असेंहि कांहीं असतें. अत्याचारास बळी पडलेल्या मुलाचें नांव, शाळा किंवा पत्ता ओळख पटेल अशा रीतीनें छापण्यास आपल्या देशांतील कायद्यानें मनाई केली आहे. संपादकाची लेखणी कित्येकदां नांव गाळूनहि आपलें कर्तव्य करते.

एवढें करूनहि चूक राहतेच. ती कळल्याबरोबर तिची दुरुस्ती स्पष्ट शब्दांत छापणें, हेंहि पारखण्याच्या कामाचेंच शेवटचें अंग आहे. जें पत्र आपल्या चुका दुरुस्त करतें तें अविश्वसनीय, आणि जें कधींच करीत नाहीं तें निर्दोष, असा समज वाचकांनीं करून घेऊं नये.

ज्या बातमीस संपादक नसतो

पालकांस येथें एक विनंति करावीशी वाटते. आज बातमी वर्तमानपत्राच्या आधीं मोबाइलवर येते, आणि तिला पुष्कळदां संपादक नसतो. मुलें पळविणारी टोळी आली आहे, अशा अफवा २०१८ सालीं मोबाइलवरून देशांत ठिकठिकाणीं पसरल्या. त्या वर्षीं १ जुलै रोजीं धुळें जिल्ह्यांतील राईनपाडा ह्या गांवीं भिक्षा मागून पोट भरणाऱ्या भटक्या समाजांतील पांच माणसांस जमावानें ह्याच संशयावरून ठार मारलें. ते पांचहि निरपराध होते. ही अफवा पुढें धाडणाऱ्यांपैकीं पुष्कळांस आपण मुलांच्या रक्षणाचेंच काम करीत आहों, असें वाटलें असेल. हें आपणांस कसें ठाऊक, एवढें विचारणारें मेज त्या निरोपाच्या वाटेंत कोठेंच नव्हतें.

म्हणून आलेला निरोप पुढें पाठविण्यापूर्वीं उपसंपादकाचे प्रश्न आपणच विचारावेत: हें कोणीं पाहिलें? कोणत्या गांवीं, कोणत्या दिवशीं? ज्याच्याविषयीं आहे, त्याचें म्हणणें काय? उत्तरें मिळालीं नाहींत, तर तो निरोप आपल्यापाशींच थांबवावा.

विद्यार्थ्यांसाठीं स्वाध्याय

(१) घरीं आलेल्या वर्तमानपत्रांतील दहा ओळींची एक बातमी कापून वहींत चिकटवा. ज्या गोष्टी पडताळून पाहतां येतील, त्या प्रत्येकीखालीं पेन्सिलीनें रेघ ओढा, आणि ती कोठें पडताळावी हें समासांत लिहा.

(२) त्याच बातमींत ‘समजतें’, ‘बोललें जातें’, ‘सूत्रांनीं सांगितलें’ असे शब्द किती वेळां आले, तें मोजा. प्रत्येक ठिकाणीं, बोलणारा कोण असूं शकेल आणि त्यानें नांव कां दिलें नसेल, ह्याचा विचार करा.

(३) शाळेच्या क्रीडादिनाची बातमी दोघां मित्रांनीं वेगवेगळी लिहावी. नंतर अदलाबदल करून एकमेकांच्या मजकुरांतील नांवें, आकडे व वेळा क्रीडाशिक्षकांच्या नोंदवहीशीं ताडून पाहाव्यात.

(४) आठवडाभर, कोणाविषयीं कांहीं वाईट ऐकलें, तर दुसऱ्यास सांगण्यापूर्वीं ज्याच्याविषयीं तें आहे त्याला, किंवा त्याला जवळून ओळखणाऱ्याला, विचारून पाहावें. वहींत नांवें लिहूं नयेत. किती गोष्टी खऱ्या निघाल्या आणि किती वाटेंतच विरघळल्या, एवढे दोन आकडे लिहावेत.